फ्लँजच्या पलीकडे बसणारा माणूस

दुपारी आमची चाळ हलकी होते. आंबिवलीचं ऊन टेकडीवरून खाली येतं, पत्र्यांवर थोडा वेळ बसतं आणि मग नदीच्या बाजूला निघून जातं. त्या वेळी शेवटच्या खोलीच्या दारात रत्नदीपदादा खुर्ची टाकून बसलेला असायचा. मानेभोवती पांढरं मलमलचं फडकं, उजवा हात मांडीवर उताणा, डोळे अर्धे मिटलेले. बघणाऱ्याला वाटे, झोपलाय. पण हाक मारली की तो पाण्याखालच्या एखाद्या गावातून द्यावी तशी ‘ओ’ द्यायचा.

“कुठे होतास दादा?” मी विचारायचे.

“पायपात,” तो म्हणायचा आणि हसायचा. हसताना मान उजवीकडे ओढली जायची, त्यामुळे त्याचं हसू त्या बाजूला कललेलं असे. अपघाताच्या आधी ते तसं नव्हतं. अपघाताच्या आधी तो दुपारी घरीही नसायचा.

तो फिटर. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, कापडाच्या रंगांसाठी रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला. पंप बिघडला, पाइप गळला, टाकीचं झाकण आवळेनासं झालं, की त्याला बोलावणं. “यंत्रं चालू असतात तेव्हा कारखाना बाकीच्यांचा,” तो सांगायचा. “थांबली की आमचा.” यंत्रं थांबण्याच्या त्या वेळेबद्दल तो असा बोलायचा, की कारखाना नसून एखादं तळं असावं. आधी म्हणे आवाज जातो. मग पायाखालची थरथर जाते. मग वाफ विरते आणि तिच्यामागचे पाइप दिसायला लागतात, हिरवे, पिवळे, पांढरे, एकमेकांवरून वळत गेलेले. शेवटी कुठेतरी एक थेंब पडत राहतो. तोही थांबतो. मग रिकाम्या पाइपावर हाताची मागची बाजू टेकवायची, ती थंड लागली की म्हणायचं, “झोपली.”

लाइन झोपली. हा शब्द साऱ्या कारखान्यात दोघांचाच होता, त्याचा आणि सिद्धेशचा.

सिद्धेश दिव्याला राहायचा, मूळचा कुडाळकडचा. दोघं एकाच सुमारास कामाला लागलेले आणि पहिल्या दिवसापासून एकमेकांसमोर बसलेले. समोर बसण्याला त्यांच्या कामात अर्थ आहे. दोन पाइप जिथे एकमेकांना मिळतात तिथे दोन जाड लोखंडी चकत्या तोंडाला तोंड लावून बोल्टांनी आवळलेल्या असतात. ती फ्लँज. ती उघडायची तर एकाने नट फिरवायचा आणि दुसऱ्याने पलीकडून बोल्टचं डोकं पान्ह्याने धरून ठेवायचं, नाहीतर सगळंच गरगरत राहतं. नट नेहमी रत्नदीपदादा फिरवायचा. पलीकडे सिद्धेश धरायचा. बोलणं नसे. याने पान्हा लावला की त्याचा पान्हा लागलेला असायचा, याने श्वास सोडला की त्याने पकड सोडलेली असायची.

“काय रं, भांडण झालाय का तुमचा?” झाडू मारायला आणि चहा द्यायला येणारी जाईबाई विचारायची. ती तिथल्याच जुन्या गावातली, कारखाने यायच्या आधीपासूनची. “सकालपासून बघतंय, दोघंबी मुके.”

“जाईबाय, नवरा-बायको जुने झाले की बोलत नाहीत,” सिद्धेश म्हणायचा.

“मंग यातला बायको कोन?”

“हा. बघा ना, फडकं कसं बांधतो डोक्याला.”

जेवणाच्या सुट्टीत सिद्धेशच्या पिशवीतून एक बाटली निघायची. कोकमाचं आगळ, त्याची आई गावाहून पाठवायची. दाट, खारट, जांभळटपणाकडे झुकलेलं लाल. झाकणभर आगळ पाण्यात टाकून तो सगळ्यांना द्यायचा. रत्नदीपदादाच्या घरी चौदा एप्रिलला सिद्धेशचं सारं कुटुंब जेवायला असे, आणि गणपतीत दादा आणि मेघनावहिनी दिव्याला जात. अशी बरीच वर्षं गेली. ती कुठे गेली असं विचारलं तर दादा म्हणायचा, “गेली पायपातून.”

त्या वर्षी जानेवारीत थंडी बरी पडली होती. सकाळी एमआयडीसीवर धुकं आणि धूर एकमेकांत मिसळलेले, आणि त्यातून सूर्य फिकट, धुतलेल्या नाण्यासारखा दिसायचा. कॉस्टिकच्या लाइनवरचा पंप काढायचा होता. कॉस्टिक म्हणजे साबणात असतो तोच खार, पण इतका तीव्र की तो कातडीचाच साबण करतो. दोघांना ते ठाऊक होतं. दोघांनी रबरी एप्रन घातले, डोळ्यांना घट्ट चष्मे लावले, चेहऱ्यापुढे पारदर्शक प्लास्टिकच्या ढाली घेतल्या. पंप बंद केला. मग लाइनच्या खालच्या अंगाला असलेली निचऱ्याची चावी उघडली आणि थांबले.

काहीच आलं नाही. एक थेंबसुद्धा नाही.

रत्नदीपदादाने पाइपावर हाताची मागची बाजू टेकवली. थंडगार. त्याने सिद्धेशकडे पाहिलं. सिद्धेश काही बोलला नाही.

“झोपली,” दादा म्हणाला.

थंडीत दाट कॉस्टिक साखरेच्या पाकासारखं कडेकडेने बसतं. निचऱ्याची नळी बारीक. तिच्यात ते बसून दगड झालं होतं, आणि त्या दगडावर सगळी लाइन भरलेली होती.

खालचे बोल्ट त्यांनी आधी सैल केले, रीत होती तसे, म्हणजे आत काही उरलंच असेल तर ते जमिनीकडे जावं. काही आलं नाही. दोन चकत्यांमधली रबरी पट्टी चिकटून बसली होती. दादाने फटीत पाचर घातली. श्वासाने ढालीवर वाफ धरत होती, नीट दिसेना, म्हणून त्याने ढाल वर सरकवली आणि पाचरीवर हातोडी मारली.

पुढचं तो सांगायचा तेव्हा त्याचा आवाज अगदी मऊ व्हायचा. “पांढरं काहीतरी उठलं. पंखासारखं. मानेवर, खांद्यावर आणि हातावर येऊन बसलं. दुखलंच नाही गं आधी. नुसतं बुळबुळीत. कोणीतरी अंगाला साबण लावतंय, लहानपणी आई लावायची तसा. मला वाटलं, चला, वाचलो.”

पाण्याचा शॉवर तिथून हाकेच्या अंतरावर होता. दोरी ओढली की डोक्यावर पाणी कोसळेल असा. पण सिद्धेश तिकडे धावला नाही. तो पिशवीकडे धावला.

त्या कारखान्यात फरशीवर कॉस्टिक सांडलं की त्यावर आधी पातळ आम्ल मारायचे आणि मग धुऊन काढायचे. ‘खाराला आंबट मारतं’ हे तिथे सगळ्यांच्या तोंडी बसलेलं वाक्य. फरशीला ते चालून जातं. माणसाच्या अंगाला पाणीच हवं, लगेच, भरपूर, खूप वेळ, दुसरं काही नाही. शॉवरजवळच्या पाटीवर तसं लिहिलंही होतं. पण घाबरलेला माणूस पाटीवरचं करत नाही, रोजचं करतो. सिद्धेशने आगळाची बाटली आणली, बूच दाताने काढलं आणि सगळी बाटली मित्राच्या मानेवर ओतली. वर हाताने चोळली.

तेव्हा दुखलं. आंबट आणि खार जिथे भेटतात तिथे उष्णता होते. दादा ओरडला. मान, छाती, फरशी सगळी लाल झालेली पाहून धावत आलेली माणसं ‘रक्त, रक्त’ म्हणायला लागली. कोणी कापूस शोधतोय, कोणी गाडी बोलावतोय, आणि सिद्धेश लाल झालेले दोन्ही हात पुढे धरून उभा.

“पानी घाला रं! आधी पानी!” जाईबाईने झाडू टाकला, दादाला पट्ट्याला धरून ओढत शॉवरखाली नेलं आणि दोरी ओढली. स्वतःही आत उभी राहिली. दादाचे कपडे तिनेच ओढून काढले. गाडी आली, साहेब आले, ‘चला, उशीर होतोय’ म्हणाले, तरी तिने दोरी सोडली नाही. “व्हऊ द्या उशीर. आंग बुलबुलीत लागतंय अजून.”

दादाला त्या पाण्याची आठवण सगळ्यांत स्वच्छ आहे. बाकीचं सगळं वितळलं. पाणी तेवढं राहिलं. वरून सारखं येणारं, मोठ्या आवाजाचं, आणि त्या आवाजात एक म्हातारी बाई काहीतरी पुटपुटतेय.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी जखम पाहिली आणि कसं झालं ते विचारलं. गाडीतून सोबत आलेल्याने सगळं सांगितलं, आगळासकट. डॉक्टर रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, “मधला वेळ गेला. पाणी आधी पडलं असतं तर मानेवर एवढं खोल गेलं नसतं.” सिद्धेश दारातच उभा होता. त्याचे हात अजून लाल होते. तो वळला आणि निघून गेला.

मग बरेच महिने दादा आमच्या जगात पुरता नव्हताच. मांडीची कातडी काढून मानेवर लावली. ताप यायचा, उतरायचा. तो घरी आला आणि दारात खुर्ची टाकून बसायला लागला. अर्ध्या झोपेत त्याला लाइन दिसायची. तो तिच्यातून चालत असायचा, आत पांढरा उजेड, भिंती गुळगुळीत, आणि पाइप कुठे वळला की पुढे गाव लागायचं, आईचं गाव, कधी उल्हास नदीचा काठ, कधी नुसतं गवत. भीतीदायक काही नसे. पण प्रत्येक वेळी शेवटी फ्लँज यायची, तो आतून ती ठोठावायचा, आणि पलीकडे कोणी नसायचं.

सिद्धेश आला नाही. त्याने कारखाना सोडल्याचं कळलं. फोन केला तर त्याची बायको संचिता घ्यायची. “ते बाहेर गेलेत भावजी,” ती म्हणायची, आणि तिच्यामागे कोणीतरी खोकायचं.

दिवाळी झाली आणि डॉक्टरांनी दादाला कामावर जायला परवानगी दिली. हाताला ताकद आली होती, बोटं वळत होती. कारखान्यात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जाईबाईने मान नीट वळवून वळवून पाहिली आणि “बेस भरलाय” म्हणाली. आता त्याच्यासमोर बसायला प्रीतम नावाचा फिटर होता. तळोज्याच्या कारखान्यातून आलेला, तिशीचा, कामाला चोख, पण तोंड सारखं चालू. “दादा, ही लाइन कुठून येते? वरची चावी कोणी बंद केली? तुम्ही बघितली का स्वतः? मी बघून येऊ?” दादाला ते ऐकताना एखाद्या देवळात कोणी ट्रान्झिस्टर लावल्यासारखं व्हायचं.

पहिली फ्लँज साध्या पाण्याच्या लाइनची होती. दादाने पान्हा नटाला लावला. पलीकडे प्रीतमने बोल्ट धरला. आणि दादाचा हात थांबला. दुखत नव्हता, कापतही नव्हता. नुसता थांबला, जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे. त्याने पान्हा खाली ठेवला, पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

साहेब समजूतदार होते. त्यांनी त्याला स्टोअरमध्ये बसवलं. खिडकीतून नट, बोल्ट, रबरी पट्ट्या काढून द्यायच्या. “महिनाभर बस. नंतर काय ते ठरवू, स्टोअर की परत लाइन.” पगार तोच. खिडकीपलीकडून माणसं यायची, वस्तू घेऊन लाइनवर जायची, आणि दादा त्यांच्या पाठी बघत राहायचा. आयुष्यभर तो ज्या शांततेत काम करत आला ती आता दुसऱ्यांची झाली होती.

महिना संपत आला तेव्हा एका संध्याकाळी त्याने घरी सांगून टाकलं. मी तिथेच होते, वहिनीकडे ब्लाउज शिवायला टाकला होता तो न्यायला गेलेले.

“मी सिद्धेशला परत आणतो. तो समोर नसला की माझा हात चालत नाही.”

मेघनावहिनी मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. “आणा. आणि त्याला सांगा, येताना बाटली पण आण. डावी बाजू राहिलीय अजून.”

“मेघना.”

“काय मेघना? त्याने ओतलं त्याचा राग नाही मला. हात घाबरले असतील. पण पाय? पाय का नाही आले इकडे एकदा तरी? तुम्ही रात्र रात्र कण्हत होतात, मला वाटायचं, दार वाजेल आता. नाही वाजलं.”

“पायसुद्धा घाबरले असतील.”

“वा! मग दोन घाबरट मिळून काय उघडणार आहात तुम्ही?”

दादा हसला, उजवीकडे कलून. वहिनी हसली नाही. पण रविवारी सकाळी तो निघाला तेव्हा तिने त्याच्या पिशवीत खोबरेल तेलाची छोटी बाटली टाकली. त्या कातडीला दिवसातून दोनदा तेल चोळावं लागे, नाहीतर ती सुकून आणखी ओढायची. “दुपारचं चुकवू नका. आणि मागच्या बाजूला तुमचा हात पोचत नाही, तेवढं कोणाकडून तरी लावून घ्या,” ती म्हणाली. कोणाकडून ते म्हणाली नाही.

सिद्धेश कोलशेतला खाडीच्या बाजूच्या एका नर्सरीत कामाला होता, एवढं संचिताने शेवटी सांगितलं होतं. रिक्षातून उतरून दादा उंच उंच इमारतींच्या मधून चालत गेला. त्यांच्या काचांमध्ये ढग होते. मग इमारती संपल्या, हवेला खाडीचा खारट, चिखलाचा वास आला आणि हिरव्या जाळीचं छप्पर दिसलं. जाळीखालचा उजेड हिरवा. काळ्या पिशव्यांमध्ये हजारो रोपं ओळीने उभी होती, शाळेतल्या मुलांसारखी. त्या उजेडात एक माणूस हातात पाण्याची नळी धरून पाठमोरा उभा होता. पाणी बारीक पसरत होतं. दादाला वाटलं, आपण अजून दारातल्या खुर्चीतच आहोत, आणि हे दुपारच्या झोपेतलं आहे.

“एवढं पाणी घालतात काय रे जास्वंदीला?” तो म्हणाला.

नळी खाली पडली आणि सापासारखी वळवळत स्वतःभोवती फिरली. सिद्धेश वळला. बारीक झाला होता. दाढी पांढरी.

“रत्न्या.”

“हां.”

“बस.”

“कुठे बसू? कुंडीत?”

सिद्धेशने एक प्लास्टिकचा डबा उपडा करून दिला. स्वतः मातीच्या पोत्यावर बसला, थोडा लांब. बराच वेळ पाणी तसंच वाहत राहिलं, कोणी उठून बंद केलं नाही. मग सिद्धेश म्हणाला, “दाखव.”

“काय?”

“मी बघितली नाहीये. मला रोज दिसते, पण बघितलेली नाही. दाखव.”

दादाने मानेवरचं फडकं सोडलं. हिरव्या उजेडात ती कातडी पाण्यात पडलेल्या कागदासारखी दिसत होती, सुरकुतलेली, काही ठिकाणी चकचकीत. सिद्धेश बघत राहिला. त्याने डोळे वळवले नाहीत. “दुखते?”

“ओढते. तेल लावायची वेळ झालीय. मागे माझा हात पोचत नाही.” दादाने पिशवीतून बाटली काढली आणि पुढे धरली.

सिद्धेशने हात मागे घेतले. “माझ्याच हाताने? रत्न्या, याच हातांनी मी चोळलं होतं ते. मी दिव्याला घरी पोचलो, अंघोळ केली, तरी नखांत लाल होतं. संचिता विचारते, काय झालं, आणि मी सांगतो, काही नाही, आगळ सांडलं. आईने गावावरून नवीन बाटली पाठवलीय, ती मी बघूसुद्धा शकत नाही.”

“तेल आहे हे. लाव.”

त्याने लावलं. आधी एका बोटाने, मग हळूहळू पूर्ण तळव्याने. दादाने डोळे मिटले. वर जाळीवर कुठलातरी पक्षी बसला, त्याची सावली दोघांवरून सरकली. तेल जिरेपर्यंत कोणी बोललं नाही. ते त्यांचं जुनं न बोलणं होतं, आणि दादाला वाटलं, झालं, हा येणार.

मग मागून सिद्धेशचा आवाज आला. “मला तेव्हाच वाटलेलं.”

“काय?”

“ड्रेन उघडला आणि थेंब नाही आला. एवढी भरलेली लाइन, रिकामी झाली तरी थोडं तरी ठिबकतं ना? मला वाटलेलं, तार घालून बघावी आत.”

दादाने डोळे उघडले. “मग बोलला का नाहीस?”

“तू ‘झोपली’ म्हणालास ना. म्हटलं, तू म्हणतोस म्हणजे बघितलं असशील.”

“मी तुझ्याकडे बघितलं, तू काही बोलला नाहीस. म्हणून म्हणालो मी झोपली.” दादाने मांडीवरचं फडकं मुठीत गोळा केलं. “मलापण वाटलेलं रे. थेंब का नाही. पण वाटलं, काही गडबड असती तर सिद्ध्या बोलला असता.”

पाणी आता त्यांच्या पायांपर्यंत आलं होतं. दादा त्या पाण्याकडे बघत बसला. इतकी वर्षं ज्या शांततेला तो कारखान्यातली सगळ्यांत सुंदर गोष्ट समजत होता, ती त्याने त्या हिरव्या उजेडात पहिल्यांदा आतून पाहिली. तिच्यात एक प्रश्न होता, दोघांनाही पडलेला. दोघांनी तो एकमेकांवर सोपवला होता.

“चल परत,” तरीही तो म्हणाला. आता आवाजात आधीचा जोर नव्हता. “तू समोर नसलास की हात चालत नाही माझा.”

“मी होतो तेव्हा हात चालले,” सिद्धेश म्हणाला. “डोकी नाही चालली. दोघांचीही.” त्याने तेलाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. “मी नाही येत रत्न्या. तुझ्यावर राग आहे म्हणून नाही. मला तिथे परत गप्प बसायची सवय लागेल म्हणून. समोर कोण असतो आता?”

“प्रीतम म्हणून आहे एक. डोकं खातो. ही चावी कोणी लावली, ती कोणी बघितली. कानाला बूच लावावं असं वाटतं.”

“चांगला आहे मग.”

“चांगला कसला! पकाऊ आहे.”

“तेच म्हणतोय,” सिद्धेश म्हणाला. मग उठून त्याने नळ बंद केला. निघताना फाटकापाशी आल्यावर त्याने विचारलं, “पुढच्या रविवारी येऊ घरी? वहिनी मारेल?”

“मारेल. जेवायला घालून मारेल.”

परतताना दादा खाडीच्या कडेला थोडा वेळ उभा राहिला. ओहोटी होती. चिखलावर पांढरे बगळे, आणि त्यांच्यामध्ये पाण्याच्या बारीक वाटा समुद्राकडे निघालेल्या. तो मित्राला आणायला आला होता आणि एकटाच चालला होता. त्याला वाईट वाटत होतं, पण ते वाईट वाटणं जागेपणीचं होतं, त्याला तळ होता. हे त्याने मला नंतर सांगितलं, आणि सांगताना स्वतःच म्हणाला, “म्हणजे काय ते मला पण नीट नाही माहीत.”

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो साहेबांना भेटला. एकदा लाइनवर सोडून बघा, म्हणाला. नाही जमलं तर खिडकी आहेच.

त्या दिवशी पुन्हा कॉस्टिकचीच लाइन निघाली. पुन्हा सकाळचं धुकं, पाइप धुक्यातून एकेक करून वर येत होते. पंप बंद झाला. आवाज गेला, थरथर गेली. दादाला ती जुनी शांतता चारी बाजूंनी येताना जाणवली, अंगावर शाल पडावी तशी. त्याने निचऱ्याची चावी उघडली. दोन थेंब आले आणि थांबले. तो फ्लँजच्या एका बाजूला बसला. ढाल खाली होती. त्याने पान्हा उचलला.

पलीकडून प्रीतम म्हणाला, “दादा, एवढंच आलं? तार घातली का ड्रेनमध्ये?”

हात नटाच्या अलीकडेच थांबलेला होता. दादाने पान्ह्याकडे पाहिलं, मग प्रीतमकडे. ढालीमागे त्याचा चेहरा वाफेने धुरकट दिसत होता, पण डोळे स्पष्ट होते, आणि ते उत्तराची वाट बघत होते.

“नाही घातली,” दादा म्हणाला. “आण. आणि शॉवरची दोरी ओढून बघ, पाणी आहे का. मीपण येतो.”

दोघांनी जाऊन दोरी ओढली. पाणी कोसळलं. लांबून झाडू मारता मारता जाईबाईने पाहिलं. “काय रं, आंघोली कराला आलात काय कामावर?” ती ओरडली. परत येऊन दोघं बाजूला उभे राहिले, नळीच्या तोंडासमोर नाही, आणि दादाने लांब तार हळूहळू आत सारली. ती कशाला तरी अडली. त्याने फिरवली. काहीतरी कडकन मोडलं आणि चावीतून दुधासारखी पांढरी धार खालच्या बादलीत पडायला लागली, एकसारखी, बराच वेळ. बादली भरली, दुसरी लावली.

धार बारीक झाली, तुटली, थेंब झाली. मग आतून पाणी सोडलं, ते स्वच्छ बाहेर आलं. दादा खाली बसला आणि त्याने पान्हा खालच्या नटाला लावला. प्रीतमने पलीकडून बोल्ट धरला.

“धरलाय का?” दादाने विचारलं.

“धरलाय. तुम्ही सैलच करताय ना, काढत नाही ना पूर्ण?”

“सैलच करतोय.”

नट करकरला आणि फिरला.

“पुढचा कुठला, दादा? उजवा की डावा?”

“डावा,” दादा म्हणाला. “तुझी ढाल पूस आधी. आणि का ते पण विचार, सांगतो.”